चावीवाला: फणसवाडीत प्रलयानंतरचा भयपट करण्याची कृती

जग संपल्यावरचा सिनेमा म्हटला की डोळ्यांसमोर कोसळलेले पूल आणि जळक्या मोटारी येतात. ते उभं करण्याएवढा पैसा आपल्याकडे नाही. गिरगावातल्या फणसवाडीच्या चाळींत मात्र त्याहून मोठं भांडवल आहे: लांब गॅलरी, लाकडी जिना, एकाला एक लागून असलेली दारं आणि ठरल्या वेळी येणारा नळ. चाळीतला दिवस त्या नळाच्या वेळेला बांधलेला असतो. माणसं संपली आणि नळही आटला, तर ते दुःख. माणसं संपली आणि तरीही पहाटे ठरल्या मिनिटाला नळाला पाणी आलं, तर ती भीती. पाणी आपोआप येत नाही, ते कुणीतरी सोडावं लागतं.

पुढची कृती या एका विचारावर उभी आहे. बारा मिनिटांचा लघुपट, एक मजला, दोन कलाकार, पडद्यामागे सहा माणसं, चार पहाटा आणि तीस हजार रुपये. नाव ‘चावीवाला’. गोष्ट तुमच्या वाडीप्रमाणे बदला, पायऱ्यांचा क्रम मात्र ठेवा.

साहित्य

• हाताने एक्स्पोजर आणि शटर ठरवता येईल असं ॲप असलेला फोन, तिकाटणं
• भाड्याचा छोटा रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचे दोन माइक
• दोन एलईडी ट्यूब, एक पिवळा बल्ब, एक पांढरं धोतर, दोन जाड गोधड्या
• हळद, धुण्याचा सोडा, लिंबं, सॅनिटायझर, जाड ड्रॉइंग पेपर
• पांढरा खडू, चार फुटी पीव्हीसी पाइप आणि त्याचा टी-जोड, एक लोखंडी सळई
• पिंप, कळशी, बादल्या, कांदे
• दोन हार्डडिस्क (एक विकत, एक मित्राची उसनी)

खर्चाचा आराखडा

चहा, नाश्ता, जेवण ८,००० रुपये, माइक-रेकॉर्डरचं भाडं ६,०००, हार्डडिस्क ४,०००, खोलीचं मानधन आणि वीज ४,०००, कपडे व सामान ३,५००, दिवे व वायर २,५००, राखीव २,०००. एकूण ३०,०००. जेवणाचा आकडा कधीही कापू नका. पहाटे साडेतीनला उठून आलेल्या माणसाला गरम चहा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

कृती

१. आधी इथला प्रलय समजून घ्या

मुंबईने जग संपताना एकदा पाहिलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे निघाली. प्लेगच्या घरांची कौलं काढून ऊन आत घेतलं जाई, भिंतींना चुना फासला जाई, काही घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. दादासाहेब फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल गोध्र्याला प्लेगनेच गेलं. त्याच फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. आपल्या सिनेमाच्या मुळाशीच एक ओसाड घर आहे, हे लक्षात ठेवून कामाला लागा.

मग २०२० च्या टाळेबंदीबद्दल चाळीतल्या जुन्या माणसांना तीन प्रश्न विचारा. पहिल्यांदा कुठला आवाज बंद झाला? तुम्ही काय साठवून ठेवलंत? कुठल्या दारावर थाप मारायला हात धजेना? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, नावं गाळा. पटकथेतले निम्मे तपशील यातून मिळतील.

२. गोष्ट एका प्रश्नावर आणा

कमी पैशांत दोन प्रश्न पेलत नाहीत. आपला प्रश्न एवढाच: पाणी कोण सोडतं? मुंबईत पालिकेचा माणूस लांब लोखंडी चावीने रस्त्यातली झडप फिरवतो आणि वाडीला पाणी येतं. लोक त्याला चावीवाला म्हणतात. गिरगावसह दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी पुरवणारा जलाशय मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या खाली आहे. त्याच बागेत १८९९ साली सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी कुस्तीचं चित्रण केलं होतं. भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांपैकी ते एक. आपला सिनेमा आणि आपलं पाणी एकाच टेकडीवरून उतरलं आहे.

आता गोष्ट चार पहाटांत मांडा. पहिल्या पहाटे आजी आणि नात नळाचं पाणी तपासून भरतात. दुसऱ्या पहाटे पाणी दहा मिनिटं आधी येतं. तिसऱ्या पहाटे पाणी दूषित निघतं. चांगलं पाणी एकच कळशी उरलेलं. आजी नातीला फसवून सांगते, “नळाचं चांगलंय गं, मी तेच पिते. कळशीतलं तू संपव.” चौथ्या पहाटे आजीचं अंथरूण रिकामं असतं. खाली गल्लीत लोखंडी चावी दगडावर घासल्याचा आवाज येतो आणि त्या आवाजासोबत नातीच्या ओळखीची चपलेची फटफट. नळाला पाणी येतं.

पानाला एक मिनिट या हिशेबाने बारा पानं लिहा. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवली आणि तिथल्या पाण्याचा प्रश्न कथेच्या मुळाशी आहे, म्हणून त्यातली पळापळ ओळखीची वाटते. तुमच्या कथेचं मूळही वाडीतच हवं.

३. मजला निवडा, होकार लिहून घ्या

चित्रीकरण मेच्या सुट्टीत धरा. बरीच बिऱ्हाडं कोकणात गेलेली असतात, दारांना कुलपं असतात, गॅलऱ्या मोकळ्या असतात. चाळ मात्र भक्कम हवी. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. तुमची चाळ तिच्यात असेल तर दुसरी शोधा. टेकू लावलेला सज्जा पडद्यावर कितीही भेदक दिसला, तरी त्यावर माणूस उभा करू नका.

खोलीवाल्यांचा, मालकाचा आणि रहिवासी मंडळाचा होकार कागदावर घ्या. त्यात तारखा, वेळा, माणसांची संख्या आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे लिहा. गल्लीतला एकही शॉट घ्यायचा असेल तर पालिकेच्या विभाग कार्यालयात आणि स्थानिक पोलिस ठाण्यात आधी विचारा. नातीची भूमिका अठरा वर्षांपुढच्या मुलीला द्या. चौदा वर्षांखालचं मूल घेतलं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही. पहाटेच्या वेळापत्रकात ते मुळातच बसत नाही.

कलाकारांशीही दोन ओळींचा करार करा. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये झाला आणि जगभर गाजला. पण वितरकाने नाव बदलताना शीर्षकाखालची स्वामित्व हक्काची ओळ गळाली आणि त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्कच गेला. कागद सांभाळणं हेही दिग्दर्शकाचंच काम.

४. विज्ञान हातात धरता येईल असं करा

विज्ञानकथेला यंत्र लागतं. आपलं यंत्र म्हणजे हळदीचा कागद. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हळदीतलं कुर्कुमिन अल्कधर्मी पाण्यात लालसर होतं आणि आम्लात पुन्हा पिवळं.

एक चमचा हळद चार चमचे सॅनिटायझरमध्ये ढवळा. कुर्कुमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. गाळ खाली बसला की वरचं द्रावण ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावा, सावलीत वाळवा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. उन्हात हळदीचा रंग उडतो, म्हणून पट्ट्या वहीत मिटून ठेवा. ‘चांगल्या’ पाण्यासाठी साधं पाणी, ‘दूषित’ पाण्यासाठी पेलाभर पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा. पट्टी बुडवली की कॅमेऱ्यासमोर, एकाच शॉटमध्ये, लाल होते. तिसऱ्या पहाटे आजी पाठमोरी होऊन त्याच पट्टीवर लिंबू पिळते आणि पिवळी झालेली पट्टी नातीला दाखवते. प्रेक्षकाला हे कळतं, नातीला कळत नाही. सगळ्या चित्रपटाचं काळीज या एका शॉटमध्ये आहे. म्हणून तालीम करताना पन्नास पट्ट्या खर्ची पडल्या तरी हरकत नाही.

सोड्याचं पाणी कलाकाराने कधीही पिऊ नये. पिण्याचा शॉट वेगळा घ्या, पेला बदला आणि बदलल्याचं मोठ्याने सांगा.

५. माणसं नसल्याच्या खुणा तयार करा

पसारा करून ओसाडपणा येत नाही. थांबलेली कामं दाखवा: अर्धवट निवडलेले तांदूळ, दोरीवर कडक झालेला टॉवेल, जुन्या महिन्यावर थांबलेलं कालनिर्णय. बंद दारांवर खडूने एकेक रेघ आणि तारीख लिहा. प्लेगच्या घरांवरच्या त्या अक्षरांची ती आठवण आहे. रंग वापरू नका, खडूच.

काळ सरल्याचं दाखवायला टोपलीत पाच कांदे ठेवा आणि चित्रीकरणाच्या वीस दिवस आधीपासून रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून, त्याच बल्बखाली एक फोटो काढा. फाळक्यांनी अंकुराची वाढ अशीच, थोडी थोडी करत, चित्रित केली होती. वीस फोटो प्रत्येकी तीन फ्रेम ठेवले की सव्वादोन सेकंदांहून थोड्या जास्त वेळात कांद्यांना हिरवे कोंब फुटतात. घरात माणूस नाही, पण काहीतरी वाढतं आहे.

चावी पीव्हीसी पाइपला टी-जोड लावून करा आणि काळ्या-तपकिरी रंगाने गंज चढवा. कलाकाराच्या हातात हलकी चावी राहील, आवाज खऱ्या लोखंडाचा घेऊ. रस्त्यातल्या खऱ्या झडपेला किंवा तिच्या झाकणाला हात लावायचा नाही.

रक्त हवंच असेल तर कपभर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर शिजवा, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घाला. रोमेरोने चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. त्याचा चित्रपट कृष्णधवल असल्याने ते खपलं. या गोष्टीला मात्र रक्ताची गरज नाही.

६. चित्रीकरणाआधी आवाज जमवा

हा भयपट कानांतून होणार आहे. चार पहाटा फक्त रेकॉर्डर घेऊन गॅलरीत बसा. पाणी येण्याआधी नळ काय काय बोलतो ते ऐका: आधी हवेचा फुसकारा, मग घशात अडकल्यासारखी गुळगुळ, दोन-तीन ठसके आणि मग धार. हा क्रम किमान दहा वेळा, जवळून आणि लांबून, रेकॉर्ड करा. रिकाम्या पिंपात पडणारी धार आणि भरत आलेल्या पिंपातली धार यांचे सूर वेगळे असतात, तेही घ्या. सळई फरशीवर, मग दगडावर घासा. लाकडी जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी रेकॉर्ड करा आणि कुठली पायरी कुरकुरते ते वहीत लिहा. आजीच्या चपलेचा आवाज तीन वेगांत घ्या.

व्यंकटेशाच्या देवळाकडून येणारी घंटा, चर्नी रोडकडच्या गाडीची घरघर, कबुतरांची फडफड हे सगळं वेगवेगळं साठवा. चित्रपटात यातला एकेक आवाज दर पहाटे कमी करत जायचं आहे. कबुतरं सगळ्यांत शेवटी जातील. दर जागी एक मिनिट नुसती शांतताही रेकॉर्ड करा. संकलनात दोन संवादांमधली फट तिनेच भरते.

७. कॅमेरा बांधून ठेवा

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूब आणि स्वस्त एलईडी लखलखताना दिसतील. फोकस, एक्स्पोजर आणि पांढऱ्याचा समतोल लॉक करा. खोलीत पिवळा बल्ब एकाच कोपऱ्यात लावा, बाहेरून ट्यूबचा थंड प्रकाश धोतरातून गाळून आत सोडा. आत ऊब, बाहेर निळा गारठा: डोळ्याला धोका कुठे आहे ते सांगायला एवढं पुरतं.

कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर आणि कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे नळाच्या पातळीवर. गॅलरीचा लांबचा शॉट दर पहाटे नेमक्या त्याच जागेवरून घ्या, त्यासाठी तिकाटण्याचे पाय फरशीवर खडूने आखा. चौकट तीच राहिली की एक दार उघडं दिसलं तरी प्रेक्षक दचकतो.

कलाकार मिळाला नाही किंवा एक पहाट बुडाली, तर स्थिरचित्रांचा आधार घ्या. क्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२) हा तिसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसचा अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा आहे. त्यात हलणारा शॉट एकच. नागपूरच्या आरती कडव यांनी ‘५५ किमी/सेकंद’ हा उल्कापाताआधीच्या शेवटच्या क्षणांचा लघुपट टाळेबंदीच्या अडचणीतच पुरा केला. अडचणीतूनच मांडणी सापडते.

८. पहाटेचं वेळापत्रक पाळा

• ३:३० जमणं, चहा, दिव्यांची जोडणी
• ४:०० ते ५:१५ खोलीतले शॉट, सहा
• ५:१५ ते ५:३५ गॅलरीत तालीम, कॅमेऱ्याशिवाय
• ५:३५ ते ५:५५ निळ्या उजेडातले बाहेरचे शॉट, चार
• ६:३० पर्यंत सामान आत, गॅलरी मोकळी

मेच्या मध्याला मुंबईत सूर्य सहाच्या थोडं पुढे उगवतो. त्याआधीची वीस मिनिटं हीच तुमची खरी श्रीमंती. डॅनी बॉयलच्या ‘२८ डेज लेटर’मधलं (२००२) ओसाड लंडन उन्हाळ्यातल्या पहाटे, वाहनं काही मिनिटंच थोपवून, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेलं आहे. फणसवाडीत वाहनं थोपवायचीच नाहीत. कॅमेरा गॅलरीतून बाहेर डोकावेल, गल्लीत उतरणार नाही.

दहा शॉट रोज, चार पहाटांत चाळीस. ओरडून सूचना द्यायच्या नाहीत. टॉर्च एकदा चमकवली की सुरुवात, दोनदा चमकवली की थांबा. खरं पाणी आलं की चित्रीकरण तिथल्या तिथे थांबवा आणि नळ मोकळा करा. कुणाची बादली आपल्यामुळे रिकामी राहता कामा नये. गॅलरीत एका वेळी पाचांहून जास्त माणसं नकोत. लाकडी जिन्यावर मेणबत्ती, धूर, फटाका यांतलं काहीही नाही.

९. कलाकारांकडून रोजचं काम करून घ्या

आजीच्या भूमिकेसाठी जिला पिंप घासता येतं, कळशी कमरेवर घेता येते, अशी बाई शोधा. तिला घाबरायला सांगू नका, पाणी भरायला सांगा. नातीलाही फक्त एकच सूचना द्या: आवाज ऐक आणि हातातलं काम थांबव. हात थांबले की भीती दिसते.

संवाद कमी ठेवा. “आज्जी, पाणी आलं.” “पिऊ नकोस. आधी कागद.” पहिल्या पहाटे हे साधे वाटणारे शब्द चौथ्या पहाटे नात एकटीच पुटपुटते. चावीवाला कधीच पूर्ण दाखवू नका. कठड्याच्या सळ्यांतून हलणारी सावली, चावीचं टोक आणि शेवटी ओळखीच्या पातळाचा काठ, बस्स.

१०. आवरून निघा

शेवटच्या पहाटे पॅकअपनंतर अर्धा तास राखून ठेवा. दारांवरची प्रत्येक खडूची खूण ओल्या फडक्याने पुसा. आधी काढलेल्या फोटोंशी ताडून बघा, एकही राहता कामा नये. या शहरात दारावरच्या खुणेने कधीकाळी घरं उठवली आहेत. सुट्टीहून परतलेल्या माणसाला आपल्या दारावर ती दिसू नये. फरशी पुसा, विजेचे पैसे द्या आणि चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा.

११. संकलन करताना आवाज काढत जा

दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. आधी फक्त आवाजाची बारा मिनिटं लावा, डोळे मिटून ऐका आणि मगच चित्रं बसवा. प्रत्येक पहाटेची सुरुवात नळाच्या फुसकाऱ्याने करा आणि दर वेळी फुसकारा व धार यांच्यातलं अंतर वाढवा: दोन सेकंद, पाच, नऊ. चौथ्या पहाटे ते वीस सेकंद असू द्या. त्या वीस सेकंदांत संगीत नको. गोधडी पांघरून रेकॉर्ड केलेला नातीचा श्वास तेवढा राहू द्या. शेवटी पडदा काळा करा आणि काळ्या पडद्यावर पाणी येऊ द्या.

१२. पहिला खेळ वाडीतच लावा

महोत्सवांना चित्रपट पाठवण्याआधी ज्यांच्या गॅलरीत तो घडला त्यांना दाखवा. सुट्टी संपून सगळे परतले की मोकळ्या जागेत पांढरी चादर बांधा, प्रोजेक्टर मागून आणा, सतरंज्या घाला, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या द्या. खेळाची वेळ पाण्याच्या वेळेवरून ठरवा. वाडीत संध्याकाळी पाणी येत असेल तर तेव्हा, पहाटे येत असेल तर पहाटे. चाळीतली माणसं त्या वेळी जागीच असतात. पाणी येण्याच्या बरोबर तेरा मिनिटं आधी सुरू करा.

पडदा काळा झाल्यावर दिवे लावायची घाई करू नका. थोडा वेळ सगळे अंधारात बसून राहतील. मग वरच्या मजल्यावरच्या कुठल्यातरी मोरीत खरा नळ फुसकारेल, ठसकेल आणि धार लागेल. रोज त्या आवाजाबरोबर उठून धावणारी माणसं त्या दिवशी क्षणभर एकमेकांकडे बघतील आणि मगच बादल्या उचलतील. तो क्षण मिळाला की कृती पूर्ण झाली.